झाकण लावल्यावर

कारखाना म्हणावं एवढी ती जागा मोठी नव्हती, आणि दुकान म्हणावं तर गिऱ्हाईक तिथे कधी फिरकत नसे. दोन खोल्या, दोन लांबलचक टेबलं, त्यांवर लहानसहान सर्किटांचे बोर्ड पसरलेले, आणि तारा जोडायला वितळवतात त्या सोल्डरच्या धुराचा घसा धरणारा वास. सर्किटं आखायचं काम जी बाई करायची तिला सगळे दुप्पटताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई आणि पाठीमागे दुप्पटताई. ते तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे पाठीमागे म्हणण्यातही फारशी मजा उरली नव्हती.

नाव पडलं रेझिस्टरमुळे. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, दोन्ही बाजूंना तारेचे पाय असलेला तुकडा. त्याचं काम एकच, विजेला अडवून धरायचं. आता कुणालाही दिवसभर अडवून धरायचं म्हटलं की डोकं तापणारच, तसा तोही तापतो. किती ताप त्याला सोसेल ते वॉटमध्ये मोजतात. पाव वॉटचा असतो, अर्ध्या वॉटचा असतो, एक वॉटचा असतो, आणि जितका दांडगा तितकं जास्त सोसतो. ताईचा नियम असा, की हिशेबात जेवढं निघेल त्याच्या दुप्पट सोसेल असाच रेझिस्टर घालायचा. कुणी हुज्जत घातली की ती म्हणायची, "अहो, ज्याला जेमतेम झेपतं त्याच्याकडून रोज तेवढंच काढून घेतलंत, तर तो एक दिवस मान टाकेल. मग बसा शोधत कुठला गेला ते." चहा आला की शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणाऱ्या काकू मुद्दाम मोठ्यानं सांगायच्या, "ताईंचा चहा मोठ्या कपात द्या हो, आणि अर्धाच भरा!"

अशी ही बाई. आणि तिनेच, एवढ्या सगळ्या वर्षांत एकदाच, पाव वॉटवर भागवलं.

ती होती घंटेची पेटी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात एक बटण द्यायचं, उशाशी पेटी ठेवायची, आणि बटण दाबलं की दुसऱ्या खोलीत घंटा वाजायची. मालकांनी त्यासाठी प्लास्टिकची फार देखणी पेटी करून आणली. साबणाच्या डबीएवढी, कोपरे गोल, कुठे फट नाही की भोक नाही. हातात घेऊन मालक ती सगळ्यांना दाखवत फिरले. ताईने अर्ध्या वॉटचा रेझिस्टर उभा बसवला तर झाकण लागेना, आडवा टाकला तर ट्रान्सफॉर्मरला टेकायचा. एरवी तिने मालकांशी चांगलं कडाकडा भांडून पेटी बदलायला लावली असती. पण नेमक्या त्याच दिवसांत तिच्या वडिलांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, फक्त डावा हात शाबूत. रात्र रात्र जागून ती कामावर येत होती आणि उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते. हिशेब केला तर आकडा पाव वॉटच्या किंचित खालीच येत होता.

"बसवा पाव वॉटचा," ती म्हणाली. "चालेल."

काकूंनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं. "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"बरंच आहे. बसवा."

पेट्या तयार झाल्या, तपासून झाल्या. रेझिस्टरवर बोट टेकवून ताईने पाहिलं, गरम होता पण बोट ठेवता येत होतं. दिवसभर घंटा वाजत राहिली. आता त्या दोन खोल्यांतली तपासायची पद्धत अशी, की पेटी उघडी ठेवायची. साहजिकच आहे, झाकण लावल्यावर आत काय चाललंय ते दिसणार कसं? झाकण लागायचं ते थेट खोक्यात भरताना. म्हणजे चालू असलेली, झाकण लावलेली पेटी तिथे कुणी म्हणजे कुणीच बघितलेली नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

त्यातलीच एक पेटी ताईने घरी नेली. बाबांच्या उशाशी ठेवली, बटण त्यांच्या डाव्या हातात दिलं, घंटा स्वयंपाकघरात लावली.

आणि मग त्या घंटेने जीव नकोसा केला! बाबा मुळात हाका मारणारा माणूस. उभा जन्म गोदामावर मुकादमकी केलेली, एका जागी बसून शंभर माणसं हलवायची सवय. वाचा गेली पण हुकूम काही गेला नव्हता. पंखा लावा, पंखा बंद करा, खिडकी उघडा, माशी बसलीय, उशी सरकलीय, कोण आलंय बाहेर? ताईने भाजी फोडणीला टाकली की घंटा. आंघोळीला गेली की घंटा. दिवसा सांभाळायला एक बाई येत, त्याही वैतागून म्हणायच्या, "तुमच्या वडिलांच्या हातून ते बटण झिजून जाईल एक दिवस." रात्री तर विचारायलाच नको. ताई उठायची, जायची, पाणी द्यायची, परत येऊन आडवी होते न होते तोच पुन्हा. एकदा ती दारातूनच ओरडली होती, "बाबा, मी माणूस आहे हो, मशीन नाही!" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तीही रडली, आणि मग तिने उशी सरळ केली.

पुढे एका आठवड्यात घंटा हळूहळू कमी झाली आणि मग थांबलीच.

पहिल्या रात्री ताई मेल्यासारखी झोपली. सकाळी जाग आल्यावर तिला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली, तशी धावत ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा जागे होते. भिंतीकडे तोंड करून पडलेले. पेटीवरचा, वीज चालू असल्याची खूण सांगणारा हिरवा दिवा लखलखीत पेटलेला.

ताई काही अडाणी नव्हती. तिला शंका आलीच. तिने पेटी उचलून स्वयंपाकघरात आणली, झाकण उघडलं, आत फुंकर मारली, वायर जोडली, बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. म्हणजे पेटीत काही दोष नाही. झाकण लावून तिने ती परत जागेवर ठेवली आणि मनात म्हणाली, बाबाच दाबत नाहीयेत.

तिथून पुढे सगळं आपोआप होत गेलं. बाबा बटण दाबत नाहीत. बाबा कुणाकडे बघत नाहीत. भरवायला गेलं तर तोंड मिटून घेतात. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी विचारलं, "काही हवं असलं तर सांगतात का? बोलावतात का?" ताई म्हणाली, आता नाही बोलावत. डॉक्टरांनी मान हलवली. आत आणखी एखादा लहान झटका येऊन गेला असेल, समज कमी होत चाललीय, असं ते म्हणाले. धाकट्या भावाने ते ऐकलं आणि चार ठिकाणी फोन फिरवले. गावाबाहेर एक जागा होती, अशाच माणसांना सांभाळणारी, स्वच्छ, मागे बाग वगैरे.

"ताई, त्यांना आता आपण कोण ते कळत नाही," धाकटा म्हणाला. "घर काय आणि ते काय, त्यांना सारखंच. आणि तुझं काय? आरशात बघितलंयस का कधी? तूही अंथरूण धरलंस म्हणजे मग दोघांना कोण बघणार?"

त्याचं काही चुकत नव्हतं. ताईकडे वाद घालायला त्राणही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला सुटल्यासारखं झालं होतं. ती हो म्हणाली. शनिवारी संध्याकाळी गाडी येणार असं ठरलं.

शनिवारी ती कामावर गेली. घरी बसून त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे बघत राहणं तिला जमलं नसतं, म्हणून गेली. टेबलावर परत आलेली एक घंटेची पेटी पडली होती. काकूंनी सांगितलं, "कुठल्या तरी शुश्रूषागृहातून आलीय. म्हणे आपोआप बंद पडते, आपोआप सुरू होते. मी उघडली, दाबली, मस्त वाजतेय. लोकांना बटण दाबता येत नाही आणि खापर आपल्यावर! परत पाठवून देऊ का?"

"द्या," ताई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं.

काकूंनी झाकण लावलं. पण तेवढ्यात जेवायची वेळ झाली, आणि वायर काढायची राहून गेली. दोघी तिथेच टेबलाच्या कडेला डबे उघडून बसल्या. ताईने दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला सारला. काकू आपल्या सुनेचं काहीतरी सांगत होत्या, ताई हं हं करत होती. जेवण झाल्यावर काकू पेटी खोक्यात घालायला उचलायला गेल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढी तापलीय ही!" सहज म्हणून त्यांनी बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही. हिरवा दिवा मात्र पेटलेला होता.

"आँ? आत्ता तर वाजत होती," काकू म्हणाल्या आणि सवयीने झाकण उघडायला लागल्या.

"थांबा!" ताई इतक्या जोरात ओरडली की आतल्या खोलीतून मालक डोकावले. "उघडू नका. तशीच राहू द्या. पुन्हा दाबा."

काकूंनी दाबलं. दाबून धरलं. चिडीचूप. मग ताईने स्वतः झाकण काढलं, एखाद्याला वारा घालावा तसा हाताने वारा घातला, आणि थोड्या वेळाने बटण दाबलं. घंटा वाजली.

आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. तो पाव वॉटचा रेझिस्टर तपकिरी पडला होता, खालचा बोर्ड करपला होता. उघड्या टेबलावर त्याने कसंबसं निभावलं होतं. पण बंद पेटीत, ट्रान्सफॉर्मरला खेटून, वाऱ्याची एक झुळूक नाही, अशा जागी तो दिवसरात्र तापत राहिला आणि त्या तापाने त्याच्या पायाचं सोल्डर तडकलं. पेटी गरम झाली की पाय सुटायचा, घंटा मरायची. झाकण उघडून गार केली की पाय टेकायचा, घंटा जिवंत. हिरवा दिवा वेगळ्या वाटेने वीज घेत होता, त्याला या कशाचा पत्ताच नव्हता. तो आपला सगळं आलबेल असल्यासारखा पेटलेला.

ताईला आठवलं की आपण घरी काय केलं होतं. पेटी उचलून आणली. झाकण उघडलं. फुंकर मारली. ती खुर्चीत बसली ती बसलीच.

"ताई, पाणी देऊ का?" काकूंनी विचारलं.

"काकू, ते दाबत होते हो," ती म्हणाली. "माझे बाबा रोज दाबत होते. आणि आम्ही कुणीच जात नव्हतो."

मालकांना तिने कारण सांगितलं आणि तयार पेट्या बाहेर जाऊ देऊ नका म्हणाली. मालक आधी जरा तडतडले. एका पेटीवरून सगळ्यांना नावं कशाला ठेवायची, सोमवारी बघू, वगैरे. ताईने आवाजही चढवला नाही. "चूक माझी आहे, मीच चालेल म्हणाले होते," ती म्हणाली. "पण ज्या गेल्यात त्याही परत मागवा, आजच फोन करा. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बटण दाबत पडलेलं असेल." मालकांनी त्या करपलेल्या बोर्डाकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि फोनकडे वळले. ताईने खणातून एक वॉटचा चांगला दांडगा रेझिस्टर घेतला, सोल्डरिंगचं सामान पिशवीत टाकलं आणि निघाली.

वाटेत एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. चौकात रस्ता ओलांडायला ती थांबली असताना तिच्या मनात आलं, की कुणाला काही न सांगितलं तर? संध्याकाळी गाडी येईल. बाबा जातील. तिथली माणसं चांगली आहेत म्हणतात. आणि आपण घरी जाऊन दार लावू आणि झोपू. उद्या झोपू, परवा झोपू, कुणी उठवणार नाही. हे तिच्या मनात आलं, आणि लगेच गेलं असंही नाही. रस्ता मोकळा झाला तरी ती तिथेच उभी होती. मागचा माणूस म्हणाला, "बाई, चला की!" तेव्हा कुठे तिने पाऊल उचललं.

घरी सांभाळणाऱ्या बाईंनी बाबांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताईने पेटी स्वयंपाकघरात आणली. रेझिस्टर तसाच करपलेला, अगदी त्या दुसऱ्या पेटीसारखा. तिने तो काढला, नवा बसवला, बोर्डापासून उंच, लांब पायांवर, खालून वारा जाईल असा. झाकण अर्थातच लागेना. मग गॅसवर सुरी तापवून तिने त्या देखण्या पेटीच्या झाकणाला चांगलं खिंडार पाडलं आणि बाकी बाजूंना भोकं. मालकांनी बघितलं असतं तर रडले असते. झाकण लावलं, वायर जोडली, आणि ती समोर बसून राहिली.

धाकट्याचा फोन आला. "ताई, गाडी घेऊन निघालोय. बाबांना तयार ठेव."

"ये. पण घाई करू नकोस. पेटी तापतेय."

"काय तापतेय?"

"तू ये रे, सांगते."

पेटी हाताला गरम लागायला लागली तरी ती थांबली. आणखी थांबली. मग दाबून पाहिलं, वाजली. तेव्हा ती पेटी घेऊन आत गेली, उशाशी ठेवली आणि बटण बाबांच्या डाव्या हातात दिलं.

बाबांनी बटण सोडून दिलं. ते चादरीवर पडलं.

ताई पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंग यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत कशीबशी शिरली आणि त्यांच्या तोंडासमोर खाली बसली. "बाबा, घंटा बिघडली होती," ती म्हणाली. "तुम्ही दाबत होतात ना? ती आमच्याकडे वाजतच नव्हती. मला वाटलं तुम्ही बोलवत नाही. मीच बनवलीय ती, आणि मलाच कळलं नाही. माझं चुकलं, बाबा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मान हलली नाही, डोळे ओलावले नाहीत, काही नाही. ताईला वाटलं, खरंच कळत नसेल का यांना? आपण उगीच वेड्यासारखं बोलतोय का? तिने बटण पुन्हा त्यांच्या मुठीत ठेवलं, बोटं मिटवली आणि बाहेर आली. तिच्याने आता तिथे बसवत नव्हतं.

धाकटा आला. दाराशीच चपला काढत म्हणाला, "चल, उजेड आहे तोवर पोचू. ड्रायव्हरला वर बोलावू का उचलायला?" ताईने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा काही हलला नाही.

"ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "घंटा बिघडली असेल. पण आता नीट आहे ना? मग वाजली का? अगं, तुला वाईट वाटतंय म्हणून तू..."

घंटा वाजली.

दोघं उठले. आत गेले. बाबांनी मान वळवून दाराकडे केली होती. अंगठा बटणावर.

"काय हवंय बाबा?" धाकट्याने विचारलं. "पाणी? पंखा लावू?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि डोळे मिटले. नको. पाणी नको, पंखा नको, काही नको. दोघं परत स्वयंपाकघरात आले, अजून खुर्चीला टेकलेही नव्हते तोच घंटा वाजली. पुन्हा गेले. पुन्हा तेच, काही नको. परत फिरले, आणि पुन्हा घंटा. या वेळी धाकटा एकटाच पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"काही मागत नाहीयेत," तो म्हणाला. "मग कशासाठी बोलावतायत?"

"आपण येतो का ते बघतायत," ताई म्हणाली.

धाकट्याने नाक पुसलं आणि तो ड्रायव्हरला परत पाठवायला खाली गेला.

ताई खुर्चीत बसली. अंगातली सगळी हाडं वेगवेगळी दुखत होती. आज रात्री आपल्याला झोप नाही, उद्याही नाही, आणि चार दिवसांनी आपण या घंटेला पुन्हा शिव्या घालणार, हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. आतून घंटा वाजली. सांभाळणाऱ्या बाई लगबगीने उठायला लागल्या.

"तुम्ही बसा," ताई म्हणाली, आणि टेबलाला हात टेकवून उठली. "आले हो बाबा, आले."